नऊ नंबरचे दाजी

पायाने वस्तू ढकलत न्यावी आणि दोन खांबांच्या मधून पार करावी, एवढ्याचसाठी माणसाला पाय मिळाले आहेत. चालणं हा त्यांचा फावल्या वेळातला उपयोग, अशी आमच्या दाजींची पक्की समजूत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मानवतला त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाइकाला आधी फुटबॉल ऐकावा लागतो, मग मोटार मिळते. भाजी आणायला पाठवलं तर पत्ताकोबी पिशवीतून न येता त्यांच्या पायांपुढून घरंगळत घरी येते. "वरची पानं तर काढूनच टाकायची असत्यात की," असं ते आक्काला समजावतात. तेव्हापासून भाजी आक्काच आणते, आणि हा आपल्या खेळाचा विजय आहे असं दाजी मानतात. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभे राहिले की वरणवाला डावीकडून, भातवाला उजवीकडून आणि जिलबीवाला मधून मुसंडी मारत आला पाहिजे, अशी ते रचना लावतात. एकदा नवरीच्या चुलत्याच्या पानात गरम वरण आणि जिलबी एकाच क्षणी पोचली. चुलता उठूनच गेला. "पास बरोबर हुता," दाजींनी निर्वाळा दिला, "मानूस चुकीच्या जागी बसला."

ऐन उमेदीत दाजी खरोखरच खेळायचे. नऊ नंबरची जर्सी घालून ते मैदानात उतरले की पाथरीची टीम त्यांच्यामागे दोन माणसं सोडायची आणि ती दोघंही संध्याकाळी लंगडत जीपमध्ये बसायची. मला त्यांनी गोलकीपर केलं. माझ्यात काही गुण दिसले म्हणून नव्हे. चेंडू सुटला तर शिव्या द्यायला हक्काचं माणूस हवं, म्हणून.

पुढे आमचे जुने मॅनेजर लेकाकडे पुण्याला राहायला गेले आणि आम्ही एकमताने दाजींना मॅनेजर केलं. यात आमचा डाव होता. दाजींची पन्नाशी उलटली होती, पळताना ते आधी निघत आणि पोट मागून पोचत असे. मॅनेजर झाले की कडेला खुर्चीवर बसतील आणि नऊ नंबर मोकळा होईल, असा आमचा हिशेब. दाजींनी हार घालून घेतला, निळं जाकीट शिवलं आणि पहिल्याच निवडीत नऊ नंबरवर स्वतःला घेतलं. वर त्या खेळाडूचं तोंडभरून कौतुक केलं: "अनुभवी हाय. मेहनती हाय. आन मॅनेजरचं ऐकतो."

मग सुरू झाला एक अजब कारभार. कोणी जरा धापा टाकल्या की दाजी त्याला बाहेर काढत. स्वतः दमले की मैदानाच्या मधोमध कंबरेवर हात ठेवून उभे राहत आणि म्हणत, "आता मी मॅनेजर म्हणून बघायलोय." चेंडू शेजारून निघून जायचा, पण मॅनेजरला त्या वेळी एकूण चित्र दिसत असायचं.

अशात मोंढ्यातल्या एका धान्याच्या आडतीवर काम करणारा सिद्धार्थ आमच्यात आला. त्याला दाजींनीच शोधला होता. रस्त्यातून एक डबा लाथाडत चाललेला पाहून त्यांनी स्कूटर थांबवली आणि तिथंच त्याला टीममध्ये घेतलं. पोरगा वाऱ्यासारखा पळायचा आणि खरा नऊ नंबरचा होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण दाजी त्याला अर्धा वेळ बसवून ठेवत. अखेर जिंतूरची फायनल आली तेव्हा टीमने मेव्हणा म्हणून मला पुढे केलं. मी दुकानात गेलो, पावसापाण्याचं बोललो, कापसाचं बोललो.

दाजींनी पान्हा खाली ठेवला. "तुला काय म्हनायचंय ते ठाऊक हाय मला. मॅनेजरशी बोलून बघतो. पन लय हेकट मानूस हाय तो."

जिंतूरला मॅनेजरने ऐकलं नसावं, कारण नऊ नंबर घालून दाजीच उतरले. पहिला अर्धा खेळ संपत आला तेव्हा त्यांच्यासमोर गोलकीपर आडवा पडलेला होता, मागे मोकळं जाळं होतं. दाजींनी पाय फिरवला. तो चेंडूच्या वरून गेला आणि दाजी बसले. लोक हसले. जिंतूरचे हसले ते ठीक, मानवतहून आलेलेही हसले.

मध्यंतरात कडुलिंबाखाली ते एकेकाला झोडत सुटले. "तू झोपलास. तू बॉलला भितूस. तू तर निस्ता बहिनीमुळं टीममधी हायस," हे मला. मग थांबले. पाणी प्यायले. जर्सी डोक्यावरून काढली आणि सिद्धार्थपुढे धरली.

"काका, तुमीच खेळा ना," तो कासावीस होऊन म्हणाला.

"मॅनेजरपुढं बोलायचं न्हाई," दाजी म्हणाले आणि उघड्या अंगावर ते निळं जाकीट चढवलं. आम्ही कोणीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

शेवटी शेवटी सिद्धार्थला चेंडू मिळाला. दोघांना पाठीवर घेऊन तो जागच्या जागी वळला आणि त्याने गोल केला. साऱ्या मैदानात एकच माणूस हात वर करून "ऑफसाइड! ऑफसाइड!" ओरडत होता: आमचे मॅनेजर. पंचांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून आम्ही जिंकलो. भानावर आल्यावर दाजी धावले आणि त्यांनी त्या पोराला असं काही कवटाळलं की त्याला सोडवून घ्यावं लागलं.

परतताना जीपमध्ये सगळे गात होते. दाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी त्यांना घरी पोचवायला गेलो. आक्काने नेहमीसारखं पाय शेकायला बादलीत गरम पाणी काढून ठेवलं होतं.

"आज नगं. आज लय खेळलो न्हाई मी," दाजी म्हणाले.

आक्काने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बसा," ती म्हणाली.

ते बसले. पाय पाण्यात सोडले. मग हळूच मला म्हणाले, "पोरगं वळलं कसं, बगितलंस का? डावा पाय असा रोवला, आन उजव्यानं..." आणि त्यांनी बादलीतल्या बादलीत, अगदी सावकाश, ते वळण घेऊन दाखवलं. पाणी हिंदकळून साऱ्या फरशीवर गेलं.  आक्काने फडकं आणलं आणि खाली बसून पाणी पुसून घेतलं.