भावोजींचा बिनचेंडूचा सॉफ्टबॉल

अख्ख्या पेडणे तालुक्यात माझ्या भावोजींइतका विचार करणारा माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतकं कमी ठरवणारा माणूस तर सगळ्या गोव्यात सापडायचा नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. कोरगावात राहतात, चार काजूची झाडं राखतात आणि सकाळी मासे आणायला म्हणून बाहेर पडतात. बांगडे घ्यावेत की तारले, ह्यावर त्यांचा पाऊण तास जातो. दोन्ही पाट्यांसमोर उभं राहून ते दोन्ही बाजू इतक्या नीट मांडतात की मासेवाली बिचारी स्वतःच गोंधळते. तोवर दोन्ही पाट्या रिकाम्या होतात आणि भावोजी कोबी घेऊन घरी येतात. "ह्या माणसानं तुझ्याशी लग्न तरी कसं ठरवलं गो?" असं मी एकदा ताईला विचारलं होतं. ताई म्हणाली, "त्यांनी कुठं ठरवलं? त्यांच्या आईनं ठरवलं. ते अजून विचार करतायत." असा हा माणूस शाळेतल्या मुलींना मैदानावर झटपट निर्णय घ्यायला शिकवायचा, हे मी माझ्या सासरी, डिचोलीत, सांगते तेव्हा लोक मला खोटारडी समजतात.

भावोजींनी आयुष्यात सॉफ्टबॉलची बॅट हातात धरली नव्हती. त्यांची सगळी नोकरी कोरगाव ते म्हापसा धावणाऱ्या खाजगी बसमध्ये, कंडक्टर म्हणून झाली. कोण बाई कुठं उतरणार, तिच्याजवळ पिशव्या किती आणि तिला उतरायला वेळ किती लागणार, हे त्यांना ती चढतानाच कळायचं. थांबा यायच्या आधी दोन मिनिटं "आजये, फुडें सर" म्हणून ते तिला दाराशी आणून ठेवायचे. निवृत्त झाल्यावर गावच्या शाळेनं त्यांना मुलींच्या टीमबरोबर सोबतीला पाठवलं, कारण खेळाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि बसमध्ये मुली मोजायला कुणीतरी हवं होतं. तिथं त्यांनी पहिल्यांदा हा खेळ पाहिला. मुली चेंडू सुरेख अडवायच्या आणि मग तो हातात घेऊन इकडेतिकडे बघत उभ्या राहायच्या, तोवर समोरच्या टीमची पोरगी बेसमागून बेस ओलांडून घरी, म्हणजे जिथून निघाली त्याच जागी, पोचून धाव काढायची. भावोजी कळवळले. "थांबा आल्यावर पिशवी शोधायला लागतात ह्या पोरी," असं ते परत येताना सारखं म्हणत होते. त्यांनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं, भिंग लावून तीनदा वाचलं, आणि खेळाच्या बाई रजेवरून थेट दुसऱ्या शाळेत गेल्यामुळे टीम कायमची त्यांच्या गळ्यात पडली.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मुलींना चेंडूच दिला नाही. चेंडू आला की मुली चेंडूकडे बघतात, डोकं वापरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मग नऊ मुली आपापल्या जागी उभ्या राहायच्या, भावोजी मधोमध जाऊन हवेतल्या हवेत चेंडू मारायचे आणि ओरडायचे, "एक आउट, दुसऱ्या बेसवर एक जण, चेंडू तुझ्याकडे, बोल बाय!" की ती पोरगी नसलेला चेंडू उचलून नसलेल्या नेमानं फेकायची. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, जत्रेच्या नाटकाची तालीम चालली आहे. सायकलवरचा पाववाला रोज थांबून बघायचा. एकदा न राहवून तो चेंडू शोधून द्यायलाच पुढं झाला, "चेंडू खंय पडलो? हांव सोदूं?" भावोजींनी त्यालाही सोडलं नाही. त्याला तिसऱ्या बेसवर उभा केला आणि सांगितलं, चेंडू तुझ्याकडे येतोय, आता काय करशील? त्या दिवशी अर्ध्या गावाला पाव उशिरा मिळाला, आणि वर तो घरोघर सांगत सुटला की आपण एकीला आउट केलं.

घरी तर विचारूच नका. आमच्याकडे आले की नाश्त्याचे उंडे पाव मेजावर चौकोनात मांडायचे, मिठाची बाटली म्हणजे चेंडू फेकणारी, आणि समोर जो बसेल त्याची परीक्षा. माझ्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांना विचारलं, "आई, पहिल्या बेसवर एक धावणारी आहे, चेंडू तुमच्या पायाशी. कुठं फेकाल?" सासूबाईंनी शांतपणे दुसरा बेस उचलला, चहात बुडवला आणि खाल्ला. भावोजी रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "चूक नाही. बेसच नसेल तर धावणारी जाणार कुठं?" पण मुली मात्र खरोखर सुधारत होत्या. त्यातली एक, केरीची सानिका, डावीकडे अगदी लांब उभी राहायची. होडीवाल्याची मुलगी, आठवड्यातून फार तर चार वाक्यं बोलायची. भावोजी म्हणायचे, "ती बोलत नाही, कारण ती मोजत असते."

गेल्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मुली खेळापेक्षा विचारच जास्त करतात, अशी पालकांची तक्रार होती. फोंड्याचे एक सर्टिफिकेटवाले सर यायला तयार होते. बाई स्पष्टच म्हणाल्या, डिचोलीच्या शाळेविरुद्धचा अंतिम सामना जिंकलात तर तुम्ही राहा, नाही तर फोंड्याचे सर येतील. आठ दिवस भावोजींना बाजारात कोबीसुद्धा निवडता येईना. मला फोनवर म्हणाले, "त्या पोरींशिवाय मी सकाळी उठून करू काय गो?"

सामना माझ्याच गावात होता, म्हणून मी भावोजींच्या बाकावर जाऊन बसले. शेजारणींनी मला गावबुडवी म्हटलं, म्हणू देत. शेवटचा डाव आला तेव्हा दोन्हीकडे चार-चार धावा. फलंदाजी डिचोलीची, एक आउट झालेला, आणि त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर टपून बसलेली. ती घरी पोचली की खेळ खलास. तेवढ्यात त्यांच्या फलंदाज मुलीनं चेंडू उंच टोलवला. तो डावीकडे, रेषेच्या बाहेर, पार कुंपणापर्यंत निघाला. सानिका धावत जाऊन बरोबर त्याच्या खाली उभी राहिली. सोपा झेल. सगळी शाळा ओरडली, "धर!" आणि सगळ्यांच्या वर आवाज भावोजींचा, "धर गो, धर!" सानिकानं एकदा वर पाहिलं, एकदा तिसऱ्या बेसकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. चेंडू तिच्या पायाशी धप्पकन पडला.

मी तर तोंडावर हात ठेवला. भावोजींनी बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि स्वतःच्या कपाळावर अशी थाप मारली की मी दचकले. मग त्यांनी मला समजावलं. झेल घेतला असता तर फलंदाज बाद झाली असती, पण झेल झाल्यावर तिसऱ्या बेसवरच्या मुलीला पळायची मोकळीक असते. एवढ्या लांबून चेंडू येईपर्यंत ती आरामात घरी पोचली असती आणि सामना तिथंच हरलो असतो. रेषेबाहेरचा चेंडू नुसता पडू दिला, तर तो फुकट जातो आणि कुणालाच पुढं जाता येत नाही. "हे मी शिकवलेलं नाही," ते पुटपुटले. "हे तिचं तिनं काढलं. गाढव मी, धर म्हणून बोंबलत होतो." त्यांचा चेहरा असा उजळला होता की सामना अजून चालू आहे हेच ते विसरले. पुढच्याच चेंडूला डिचोलीच्या त्याच मुलीनं सरळ मैदानात सणसणीत फटका मारला, तिसऱ्या बेसवरची घरी पोचली आणि आम्ही हरलो.

बसपाशी सानिका मान खाली घालून उभी होती. पालक तिला ऐकू जाईल असं बोलत होते, हातात आलेला झेल सोडला म्हणून. मुख्याध्यापिकाबाई भावोजींना म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा धर म्हणून ओरडत होता, मी ऐकलं. मुलीनं तुमचं ऐकलं नाही, असंच ना? मग पुढच्या वर्षाचं आपण बघू." म्हणजे खापर सानिकावर फोडून नुसतं हो म्हणायचं, की टीम त्यांच्याकडेच राहणार होती. मी खरंच सांगते, लाज वाटते आता, पण मी त्यांना कोपर मारलं, हो म्हणा म्हणून. भावोजींनी क्षणही घेतला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चुकलो मी, बाई. मी घाबरलो, ती घाबरली नाही. तिनं केलं तेच बरोबर." आणि सानिकाची पिशवी स्वतः उचलून तिला खिडकीजवळची जागा दिली.

फोंड्याचे सर आले. सज्जन माणूस, चेंडूसुद्धा पहिल्या दिवसापासून देतात, त्यामुळे मला त्यांचा धड रागही करता येत नाही. मागच्या महिन्यात मी कोरगावला गेले होते, तेव्हा भावोजी मला सामना दाखवायला घेऊन गेले. मैदानापासून लांब, काजूच्या झाडाखाली बसलो. सानिका आता कॅप्टन आहे. प्रत्येक चेंडूच्या आधी ती बोटांनी काहीतरी खुणावायची आणि आठही मुली तिच्याप्रमाणे दोन पावलं इकडे, दोन तिकडे सरकायच्या. ताईनं दिलेले चणे भावोजींच्या मुठीत तसेच राहिले होते. ते म्हणाले, "बघितलंस? एवढा वेळ झाला, पण काय करू म्हणून तिनं एकदाही बाकाकडे बघितलं नाही. इथं तर नाहीच नाही."

"वाईट वाटतं?" मी विचारलं.

"वाटतं गो," ते म्हणाले. "पण बघितलं असतं, तर जास्त वाटलं असतं."

मी त्यांच्या मुठीतले चार चणे घेतले आणि खेळ संपेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिलो.