फरदडीच्या मॅडम

बोलता बोलता त्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपटायच्या. केस धाडकन पाठीवर सुटायचे, पेन्सिलीचं टोक तुमच्या छातीकडे वळायचं आणि प्रश्न यायचा, "मंग पुढे?"

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? तर असं माणूस एकदा शेजारी ठेवून बघा. मी सकाळी प्रेसचं शटर उघडताना सहज सांगावं, की चंद्रपूर रोडवर कोळशाचा ट्रक उलटला आणि ड्रायव्हर पळून गेला. मॅडम अंगणात दात घासता घासता थांबायच्या. "मंग पुढे? कुठं गेला असंन तो?" अहो, मला काय माहीत, मी काय त्याच्या केबिनमध्ये बसलो होतो? "तसं नाही काका. पळून गेला म्हणजे कुठंतरी पोचला असंन ना. कोणाच्या घरी पाणी पेला असंन." संध्याकाळी शाळेतून आल्यावर परत तोच ड्रायव्हर. तोवर त्याला एक बहीण मिळालेली असायची आणि बहिणीच्या घरामागे एक विहीर. माझं डोकं उठायचं. पण खरं सांगतो, तिसऱ्या दिवशी मीच विचारायचो की त्या विहिरीत काय होतं.

वणीत माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, तेरवीची कार्डं, हेच आपलं साहित्य. मागच्या खोलीत मॅडम भाड्यानं राहायच्या. गाव फुलसावंगी, आई तिकडेच. इथे मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या, पण तासिकेवर. पर्मनंट होण्याची आशा दर जूनमध्ये उगवायची आणि दिवाळीपर्यंत वाळून जायची. सगळ्या वणीला ठाऊक होतं की या बाई त्या एका ऑर्डरची वाट पाहत आहेत. आईला इकडे आणायचं होतं, स्वतःचं घर करायचं होतं.

आणि या बाई लिहायच्या काय, तर हडळीवर. ते सुद्धा शाळेतल्या पोरींसाठी.

त्याचं मूळ एका जुन्या भयकादंबरीत होतं. एसटी स्टँडवर टांगून विकायचे तसली, कव्हर गेलेली, लेखकाचं नाव उंदरानं खाल्लेलं. मॅडमना ती लहानपणी घरातल्या कणगीमागे सापडली होती. गोष्ट तुम्हा-आम्हाला माहीत असलेलीच. नवी सून विहिरीत जाते, हडळ होते, गावाला पछाडते. मग मांत्रिक येतो, तिचे केस मुठीत धरतो आणि चिंचेच्या खोडाला खिळा ठोकून तिला बांधून टाकतो. गाव सुखी होतं आणि पुस्तक संपतं.

"संपतं कसं?" मॅडम अजूनही चिडून सांगायच्या. "ती तिथं उभीच हाये ना केस अडकून! पावसात, उन्हात. मंग पुढे?"

पुढचं कोणी लिहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं. पहिल्या पुस्तकात नववीतली एक पोरगी कापूस वेचता वेचता त्या चिंचेखाली जाते आणि तो खिळा उपटते. बस, तिथेच पहिला भाग थांबला. पुण्याच्या एका प्रकाशकानं तो छापला. वणीतल्या पोरींनी तो इतका वाचला की पानं पापडासारखी झाली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. त्यांची हडळ पांढऱ्या लुगड्यात नाही. "काका, वणीत पांढरं नेसून भूत फिरवता येत नाही," त्या म्हणायच्या. "दुपारवरी काळं पडते." म्हणून त्यांची हडळ राखाडी होती आणि कोळशाच्या धुळीनं खोकायची.

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी. आमच्या भागात तेव्हा कॅमेरे घेऊन पुष्कळ माणसं यायची. त्यातले एक गृहस्थ मॅडमना शोधत प्रेसमध्ये आले. चांगले होते बिचारे, डोळ्यांत पाणी वगैरे. म्हणाले, "तुम्ही या मातीतल्या लेखिका. इथे माणसं मरताहेत आणि तुम्ही भुतंखेतं लिहिता?"

मॅडमनी पेन्सिल उपटली. मी म्हटलं, झालं.

"सर, माझ्या वर्गातल्या पोरीइले रडणं घरी रोज भेटते," त्या म्हणाल्या. "ते शिकवाले मी कायले पाह्यजे? भ्याची मजा कोण देते त्याइले? मरण तुम्ही लिहा. मी मेल्यावरचं लिहितो."

गृहस्थांनी ते टिपून घेतलं आणि छापलं मात्र नाही.

आता दुसऱ्या भागाचं ऐका, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. त्यात खिळा निघालेली हडळ परत गावात येते आणि त्या पोरीच्या बाकावर बसून शिकते. जुन्या मांत्रिकाचा पोरगा आता बियाण्याची पाकिटं विकत जीपमधून हिंडतो, खिशात बापाचा खिळा. तो तिला पकडायला निघतो, पावलांच्या ठशांवरून. पण हडळीचे पाय उलटे! ठसे बघत तो भलतीकडेच जात राहतो, ती जिथून निघाली तिकडे. हे वाचून पोरी बाकावर हात आपटून हसायच्या.

नाव ठेवलं होतं 'फरदड'. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही, तरी सांगतो. हंगाम संपला, वेचणी झाली, आणि कापसाची पऱ्हाटी उपटली नाही, तर ती पुन्हा फुटते, पुन्हा बोंडं धरते. ती फरदड. त्या वर्षी मात्र फरदडीचं नाव काढायची सोय नव्हती. तिच्यात अळी मुक्काम करते, म्हणून भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं, 'फरदड टाळा'. त्याची पत्रकं माझ्याच प्रेसमध्ये छापली होती.

प्रकाशकाचा फोन आला तेव्हा मॅडम माझ्या काउंटरवर होत्या. फोन स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, हडळ ही बाई आहे ना? मग ती 'मी जातो', 'मी खातो' असं का म्हणते? आमच्या मुद्रितशोधकांनी सगळीकडे 'जाते' केलंय."

"सर, आमच्याकडं बाया जातोच म्हणतात. मी बी म्हणतो."

"तुमचं ठीक आहे. पण भूत तरी प्रमाण बोलेल ना?"

"काहून? मेल्यावर पुण्याले जाते का ते?"

मी तोंडात रुमाल कोंबला. तिकडून सुस्कारा आला. फरदड हा शब्द कोणाला कळत नाही, 'हडळीचा सूड' ठेवू, असं ते म्हणाले. मग शेवटची गोष्ट आली. "आणि शेवटी खिळा परत ठोका हो. वाचकाला बरं वाटतं."

"कोणाले बरं वाटते?" मॅडमनी शांतपणे विचारलं. "ज्याले वाटते त्याचे केस ठोका मंग." आणि फोन ठेवून दिला. मग माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्ही छापता?"

"मॅडम, मी तेरवीची कार्डं छापणारा माणूस."

"बरं हाये ना मंग. हिची तेरवी झालीच नव्हती."

छापलं. काय करता! मुखपृष्ठावरची चिंच नववीच्या पोरींनी काढली. नावासाठी मोठा टाइप हवा होता, तर पत्रकाचा 'फरदड' तयारच होता, तोच उचलला. इथे घोळ झाला. स्टँडवरच्या पेपरवाल्यानं पुस्तक शेतीच्या मासिकांत लावलं आणि भराभर खपू लागलं. आठवड्यानं एक म्हातारबुवा पुस्तक काखेत धरून प्रेसमध्ये आले.

"हे कायचं पुस्तक हाये बावा? मी तं फरदडीवरचं औषध पाहून राह्यलो होतो, अन् अंदर हडळ निंघाली!"

मी म्हटलं, चूक झाली, द्या परत.

"परत कसं देऊ? नात देत नाही ना! आता हे रस्त्यानं वाचाले मागून आणलं." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "त्या जीपवाल्याचं पुढे काय होते?"

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या अंगणातल्या दगडावर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. एवढ्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पण शाळेमागे खरीच एक चिंच होती. लोक तिला खिळे ठोकायचे. कोणाची बाधा, कोणाचा ताप, कोणाच्या सुनेचं डोकं फिरलेलं, मांत्रिक आला की लिंबू आणि खिळा. खोड नुसतं काटेरी झालेलं. एके दिवशी मधल्या सुट्टीत नववीच्या पोरी पक्कड घेऊन गेल्या आणि त्यांनी सगळे खिळे उपटले. अगदी दिवसाढवळ्या, गाणी म्हणत.

वस्तीत बोंब झाली. आमची भुतं सोडली, आता कोण धरणार! पालक शाळेत धावले. संस्थेच्या अध्यक्षांनी बैठक बोलावली आणि पुस्तक छापणारा म्हणून मलाही बोलावणं आलं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ते गंजके खिळे ठेवले होते, पुरावा म्हणून. गंमत बघा, मोठमोठी माणसं, पण खिळ्यांच्या जवळच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या. अध्यक्षही खुर्ची मागे सरकवून बसलेले. ते म्हणाले, "मॅडम, विषय वाढवायचा नाही. पालकांसमोर म्हणा की पुस्तक चुकीचं आहे, मी परत घेते. जूनमध्ये मी तुम्हाला पर्मनंट करतो. सगळ्यांच्या साक्षीनं सांगतो."

हीच ती ऑर्डर, जिच्यासाठी बाईंनी इतके जून काढले होते. मी मनात म्हणत होतो, म्हणून टाका हो मॅडम, दोन शब्द तर आहेत. खिडकीच्या गजांना पोरींचे चेहरे चिकटलेले होते. त्या फक्त मॅडमकडे बघत होत्या.

मॅडमनी पेन्सिल उपटली. केस सुटले. एक पालक उठून उभाच राहिला.

"मंग पुढे?" त्या म्हणाल्या.

"पुढे काय? संपला विषय."

"तसं नाही सर. पोरीइनं खिळे उपटले. मंग पुढे कोणाले काही झालं का?"

"माझ्या पोरीले ताप आला ना!" मागून एक बाई बोलली.

"कवापासून हाये?"

बाई जरा घुटमळली. "हाये म्हणा तो दोन दिवस आधीपासून."

कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष तापले. "हो की नाही, एवढंच सांगा."

मॅडम टेबलाजवळ गेल्या. त्यांनी पेन्सिल अध्यक्षांपुढे ठेवली. "हे शाळेची हाये," त्या म्हणाल्या. मग त्या ढिगातला सगळ्यात लांब खिळा उचलला, केस गोळा केले, पिळा मारला आणि तो गंजका खिळा अंबाड्यात खोचला. घट्ट. "अन् पुस्तक माझं हाये. मी जातो."

जाते नाही, जातो. आणि गेल्या. खिडकीबाहेर पोरींनी जो गलका केला, तो मला अजून ऐकू येतो. मला काय झालं कोण जाणे, मी माणूस भांडकुदळ असलो तरी सभेत बोलणारा नाही, पण उभा राहिलो आणि ओरडलो, "छापलं मी! पुन्हा छापीन! काय करायचं ते करा!" नंतर शाळेचं छपाईचं काम बंद झालं. झालं तर झालं.

दोन दिवसांनी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. फुलसावंगीला आईकडे निघाल्या होत्या. केसात तोच खिळा. पिशवी वर चढवताना म्हणाल्या, "उरलेली पुस्तकं पोरीइले वाटून द्या काका. शाळेच्या कपाटात नका देऊ, तिथं कुलूप राह्यते." मी हो म्हणालो. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मॅडम, मंग पुढे?"

त्या हसल्या. पहिल्यांदाच त्यांना हा प्रश्न कोणी विचारला असावा. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि कंडक्टरनं घंटी मारली.

मागच्या खोलीत आता मोटार वाइंडिंगवाला राहतो. सज्जन आहे. त्याला काहीही सांगा, "असं का" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. मला फार चुकल्यासारखं होतं.

त्या गेल्या त्याच महिन्यात स्टँडसमोरच्या भिंतीवर गंमत झाली. 'फरदड टाळा' रंगवलं होतं ना, त्यातला 'टाळा' कोणीतरी कोळशानं खसाखसा घासून बुजवला होता आणि शेजारी लिहिलं होतं 'वाचा'. मला आधी वाटलं 'वेचा' लिहिताना चुकलं असेल. मग खाली पाहिलं, तर उलट्या पावलांचा एक जोड काढलेला.

पेंटरनं भिंत पुन्हा रंगवली. चार दिवसांत पुन्हा 'वाचा'. तिसऱ्यांदा तो ब्रश घेऊन माझ्याकडेच आला. "काका, कोण पोट्ट्या आहेत या? तुम्हाले माहीत असंन."

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "तू रंगव ना बापा. वणीत कोळशाला काही कमी नाही."