फ्लेक्सवरचा विरूपाक्ष

एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक आनंदराज लातूरच्या बसस्थानकात विरूपाक्षला पहिल्यांदा भेटले, म्हणजे त्याच्यावर बसले. बाकावर कुणाचं तरी पोतं पडलंय असं त्यांना वाटलं. पोत्यानं अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत अशी बोंब ठोकली, की निलंग्याची गाडी घाबरून वेळेवर सुटली. स्थानक बांधल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

“मामा, जागा बघून बसा की!” दारूच्या भपकाऱ्यासकट पोतं म्हणालं.

देगलूरकडचा हा विरूपाक्ष मग आनंदराजांच्या मानगुटीवर बसला, की ते त्याच्या, हे ठरवणं अवघड. त्यांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. तो पळाला. शोधून पुन्हा घातला.

“पेन्शनीत बी ड्युटी लावून घेतलात व्हय?” बायको महामाया म्हणायची आणि विरूपाक्षसाठी डबा भरायची.

दारू सुटली. गंगम्माच्या खानावळीत काम मिळालं, मागची खोली मिळाली. त्याची भाकरी अशी टम्म फुगायची, की गिऱ्हाईक पोट भरल्यावरही एक मागायचं.

इथं आनंदराजांनी गप्प बसायचं होतं. पण ज्याचा सत्कार झाला नाही ते चांगलं काम झालंच नाही, अशी त्यांची जन्माची समजूत.

“मामा, फोटो नगा लावू. मी कोण होतो, हितं कुणाला ठाव न्हाई.”

“अरे, लाजतोस काय! लोकांना प्रेरणा मिळते!”

शाल, नारळ झालं. चौकात फ्लेक्स लागला. डावीकडं बाकाखाली तोंड उघडं टाकून पडलेला विरूपाक्ष. हा फोटो आनंदराजांनीच मोबाइलवर काढून ठेवला होता. उजवीकडं फेट्यातला विरूपाक्ष. आणि दोघांपेक्षा मोठे, गॉगल लावलेले, आनंदराज.

दुसऱ्या दिवशी खानावळीत एक जण म्हणाला, “आरं, ह्यो तर स्टँडवरचा बेवडा! ह्याच्या हातची भाकर खाऊन राहिलो आपण?”

आठवड्यात गंगम्मानं विरूपाक्षपुढं हात जोडले. “भाऊ, गिऱ्हाईक तुटून राहिलंय. काम गेलं, तर खोली बी गेलीच की.”

आनंदराज स्वतः शिडीवर चढले. फ्लेक्स उतरवताना सगळ्यात आधी त्यांच्या हाताला लागला तो त्यांचाच गॉगल. खाली उतरून खानावळीमागं धावले, तर खोलीच्या उंबऱ्यावर शाल घडी करून ठेवलेली. महामायानं त्या दिवशीही डबा भरला. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं, असं त्यांना अजून वाटतं.

विरूपाक्ष सध्या नांदेडच्या बसस्थानकात झोपतो. पितो.