चीफ वानखडे पाण्याखाली गेले तो दिवस

नेव्हीत माझं पहिलं मोठं पोस्टिंग पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जुन्या फ्रिगेटवर, म्हणजे युद्धनौकेवर झालं. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला, लीडिंग रँकचा, इंजिन रूममध्ये काम करणारा. जॉइन झालो त्या सकाळी इंजिन रूमचे चीफ देविदास वानखडे यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी माझ्या कागदांवरचं गाव वाचलं आणि हिंदी सोडून दिली.

"अकोल्याचा काय? मी मोर्शीचा. जेवला?"

समुद्रावर वऱ्हाडी ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

चीफची शिस्त कडक होती. वॉचवर, म्हणजे ड्यूटीच्या पाळीवर, कुणी उशिरा आला तर ते ओरडत नसत. त्याचं काम स्वतः करत उभे राहत. तो माणूस पुन्हा उशीर करत नसे. मोकळ्या वेळात बोलणं फक्त घराचं. मंगलावहिनी मोर्शीला अंगणवाडी सेविका. तीन मुली. धाकटी नुकतीच चालायला लागली होती, तेही त्यांनी फोनवरच ऐकलं होतं.

त्या पावसाळ्यात आम्ही सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून बरेच आत होतो. समुद्र खवळलेला. सकाळच्या वॉचमध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या पाइपचा जोड फुटला आणि समुद्राचं पाणी आत घुसलं. पाण्याच्या फवाऱ्यात समोरचा माणूस दिसेना. मागच्या इंजिन रूममध्ये पाणी शिरल्याचा रिपोर्ट मी इंटरकॉमवर दिला.

"फ्लड, फ्लड, फ्लड. आफ्टर इंजिन रूम."

पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह पायाखालच्या लोखंडी प्लेट्सच्याही खाली होता. तो बुडाला होता. इंजिनिअर ऑफिसरांचा आवाज आला, "चीफ, कंपार्टमेंट रिकामं करा. हॅच बंद करतोय."

हॅच, म्हणजे वरचं झाकण, बंद झालं की खोली पाण्यानं भरणार आणि आमचं इंजिन गेलं. तशा समुद्रात अर्ध्या ताकदीवर जहाज सांभाळणं अवघड होतं.

"सर, एक प्रयत्न करू द्या."

मग उत्तर आलं, "करा. पण मी सांगेन तेव्हा बाहेर."

चीफनी बाकीच्यांना वर पाठवलं आणि बूट काढले. "माहे पाय धरून ठेव. हलणं थांबलं तं ओढजो."

"चीफ, मी जातो खाली."

"त्या सांदीत तू मावत नाहीस. धर पाय."

पहिल्यांदा व्हॉल्व्हचं व्हील हललंच नाही. ते वर आले, श्वास घेतला, मोठा पाना घेऊन परत गेले. दुसऱ्यांदा थोडं फिरलं. तिसऱ्यांदा बराच वेळ झाला. पाणी माझ्या छातीला लागलं. त्यांचे पाय हलायचे थांबले. मी ओढलं. ते वर आले, खोकले, हात रक्ताळलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाण्याचा आवाज बंद झाला आहे.

"पंप चालू कर," ते म्हणाले. एवढंच.

बंदरात कॅप्टननी सगळ्यांसमोर विचारलं, "एवढा दम कुठे कमावलात?"

"सर, संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत."

सगळे हसले. चीफ हसले नाहीत. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

रिटायर झाल्यावर त्यांना व्यापारी जहाजांकडून बोलावणी आली. ते गेले नाहीत. मला म्हणाले, "इतकी वर्षं मंगलानं एकटीनं वॉच केली. आता माही पाळी." मुलींचे क्लासेस अमरावतीला, म्हणून त्यांनी राजापेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी भेटायला गेलो तेव्हा आमचे चीफ भाकरी थापत होते, आणि थोरलीला विचारत होते, "फिजिक्सचा पेपर कसा गेला?" तिघी शिकल्या, नोकरीला लागल्या.

गेल्या महिन्यात मोर्शीत हृदयविकारानं ते गेले. तिन्ही मुलींनी खांदा दिला. अकोला, अमरावतीहून आम्ही जुने नौसैनिक मेडल्स लावून गेलो होतो. रांगेत उभं राहून सॅल्यूट केला.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, जहाजावर हे कसे होते? घरी कधी सांगतलं नाही."

मी तो दिवस सांगितला. त्या खाली बघून ऐकत होत्या.

"बंदरातून फोन आला होता," त्या म्हणाल्या. "लहानीचा ताप उतरला काय, इतकंच इचारलं. मी म्हटलं, तुमी बरे आहा न? तं म्हणे, पाऊस लय आहे, बाकी मजेत."

मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "पोरींनो, इकडे या. तुमच्या बाबानं काय केलं ते आयका."

तिघी येऊन समोर बसल्या. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.