नळीला पाजलेला चहा

दुकानात पाऊल टाकलं की चाचा आधी चहा मागवायचे, आणि तो नळीला पाजायचे.

असं एखादं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. घेणार हातभर, पारखणार तासभर. पेणच्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात ते गिऱ्हाईक म्हणजे चाचा. रोह्याहून एसटीने यायचे. तिथल्या खाडीत त्यांची शिडाची होडी होती, कौलं आणि मीठ वाहणारी. होडीच्या फळ्यांवर साचलेलं पाणी तिच्या पोटातून जाणाऱ्या एका नळीने बाहेर खाडीत सोडावं लागतं. ती नळी बदलायची झाली की चाचा हजर.

वाफाळत्या चहात नळीचं टोक बुडवून ते बराच वेळ पुटपुटत उभे राहायचे. मग बाहेर काढून, टोकाला अंगठा लावून, दुसरीकडून तोंडाने हवा ओढायचे. नळी चेपली की परत.

"माझ्या ओठाला दबली ती खाडीला काय पुरणार?"

उन्हाने नळी मऊ पडली की सांध्यातून निसटते आणि खाडीच आत येते, हे त्यांनी मला चारदा समजावलं. मी एकदाही ऐकलं नाही. मी नवी सून, आमच्या आळीतली पहिली बी.कॉम. पेल्यात नळी बुडवणाऱ्या माणसाकडून मी काय शिकणार? तो पेला मात्र मलाच विसळावा लागायचा, याचा राग होता. नातवंडं विचारतात, आजी, तू तरुणपणी हुशार होतीस का? मी म्हणते, फार.

त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. चाचा आले ते सुकल्या ओठांनी. आखातातला मुलगा ईदला येणार होता. होडी चालती दाखवली तर पोरगा इथेच राहील, अशी आस होती. ते नेहमी नेत ती जाड काळी रबरी नळी आदल्याच दिवशी एक कंपनीवाला सगळीच्या सगळी घेऊन गेला होता. मी चकचकीत, आरपार दिसणारी नळी पुढे केली.

चाचांनी ती वळवली, दाबली, खाली ठेवली.

"रोजा हाय बाय. तोंडाला लावता येत नाय, नि चहा मागवला तर लोक काय समजतील? तू बघितलीस का गो, चहात?"

"बघितली चाचा. दोनदा."

ते 'दोनदा' बघा. खोटंसुद्धा मी मापापेक्षा वर घालून दिलं. चाचा नळी घेऊन गेले. रोजा सुटल्यावर त्यांना घरी बघता आली असती. पण मी दोनदा बघितली होती ना.

ईदच्या चार दिवस आधी, भर दुपारी, चाचा नमाजाला गेले असताना होडी धक्क्यालाच बुडाली. गाळात बसली ती बसलीच. मुलगा आला, ईद केली, परत गेला.

मग एक दिवस चाचा दुकानात आले. दोन चहा मागवले, एक माझ्याकडे सरकवला. खिशातून नळी आवळायची लोखंडी क्लिप काढून समोर ठेवली. ओहोटीला गाळात एवढीच सापडली होती. नळी गेली होती वाहून.

"तू चहात बघितली होतीस ना?"

मामंजी शेजारीच बसले होते. मी मान डोलावली.

"मग नळीचा दोष नाय," चाचा म्हणाले. आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत राहिले. "मीच ढिली आवळली. हात गेला माझा."

एक शब्द पुरला असता. माझ्याकडे इतके शब्द होते, तो नव्हता.

पुढे रोह्याची माणसं सांगायची, चाचांना कुणी नळी बसवायला बोलावलं तर म्हणतात, माझा हात गेला. तेवढ्यावरच राहिले, आणि तसेच गेले. मी कळवलं नाही. कळवणार होते, दरवर्षी.

त्या दिवशी मात्र चाचा आमच्या दुकानात पहिल्यांदा चहा प्यायले. सावकाश, तळापर्यंत. मग माठाशी जाऊन पेला स्वतः विसळला, माझ्यासमोर पालथा ठेवला आणि क्लिप तिथेच सोडून पायरी उतरले.