इसोगाईंचं पेटंट

सुमिए हिराकावा कावासाकीतल्या एका मोठ्या कंपनीच्या पेटंट विभागात होती. स्पर्धकांची पेटंटं वाचायची आणि त्यांत कुठे फट सापडते का ते बघायचं, हे तिचं काम. एकवीस वर्षं तिनं दुसरं काही केलं नव्हतं. लग्नही केलं नाही. घरी म्हातारी आई होती. ती म्हणायची, "तुझे डोळे गेले की तुला कोण विचारणार गं?"

डीव्हीडीनंतर कोणती तबकडी येणार, यावरून त्या वर्षांत कंपन्यांचे दोन तट पडले होते. दोघांचाही किरण निळा, चित्र सारखंच लख्ख. पण एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात चालायची नाही. जो जिंकेल त्याच्या पेटंटांसाठी अख्ख्या जगाला परवाना मागावा लागणार होता. सुमिएची कंपनी त्यांतल्या एका तटात होती. पलीकडच्या तबकडीत जास्त मावायचं, पण तिचं कवच केसाएवढं पातळ. जरा ओरखडा उठला की सिनेमा अडकलाच. म्हणून ती डबीत बंद करून विकावी लागे. मग तिकडच्या एका कंपनीतल्या योशिहिको इसोगाई नावाच्या गृहस्थांनी एक टणक लेप शोधून काढला आणि डबीची गरजच उरली नाही.

विभागप्रमुख नागुमो तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "हिराकावा-सान, या लेपाचं पेटंट पाडा. बाकीची कामं दुसऱ्याला देतो."

"पाडा म्हणजे... भिंत आहे का साहेब ती?"

"भिंतच आहे. आणि आपण तिच्या चुकीच्या बाजूला आहोत."

सुमिएनं इसोगाईंची सगळीच्या सगळी अडतीस पेटंटं वाचून काढली. पेटंटाची भाषा म्हणजे वाळलेलं लाकूड. कुणी लिहिलं ते कळूच नये अशी. पण या माणसाचं लिहिणं वेगळं होतं. आपला उपाय कुठे कमी पडतो हे ते आधी कबूल करत आणि मग पुढे जात. एके ठिकाणी त्यांनी लिहिलं होतं, 'ओरखडा पडण्याआधी पृष्ठभाग क्षणभर वाकतो. तो क्षण लांबवणे, एवढाच या कामाचा हेतू.' सुमिएनं ते वाक्य दोनदा वाचलं. या माणसाला आपण ओळखतो, असं तिला उगाचच वाटायला लागलं.

सात महिने काही हाती लागलं नाही. मग एका दुपारी संसदेच्या ग्रंथालयात, फुकुई प्रांताच्या औद्योगिक संशोधन केंद्राची जुनी वार्तापत्रं चाळताना तिचा हात थांबला. एकोणीसशे एकोणऐंशीचा अंक. चष्म्याच्या प्लास्टिकच्या भिंगांवर द्यायच्या लेपाबद्दल चार पानी टिपण. लेखक योशिहिको मियोशी. तिसऱ्या पानावर तेच वाक्य होतं, शब्दन् शब्द. लेपाचं प्रमाणही जवळपास तेच.

आडनाव वेगळं, पण सुमिएला कोडं पडलं नाही. माणूस घरजावई म्हणून गेला असणार आणि तिकडच्या रीतीनं सासरचं नाव लावलं असणार. मियोशी म्हणजे इसोगाईच. स्वतःचंच असलं तरी आधी छापून आलेलं पेटंटात चालत नाही.

अंक फडताळात परत ठेवला असता तर कुणाला कळणार होतं? चाळीस हजार पानांत ते वाक्य ओळखणारी ती एकटीच होती. शेवटी उठून तिनं चार पानांच्या प्रती काढून घेतल्या.

अकरा महिन्यांनी पेटंट रद्द झालं. नागुमोंनी सगळ्यांना बिअर पाजली. "आमच्या हिराकावा-सानची कमाल आहे! बोलत नाही, पण चावते बघा कशी!" सगळे हसले. सुमिएही हसली.

त्याचा उपयोग मात्र काहीच झाला नाही. लेप मोकळा झाला तसा तो पलीकडच्या साऱ्याच कंपन्यांनी बिनदिक्कत वापरला. तबकडी आणखी स्वस्त झाली. दोन हजार आठच्या फेब्रुवारीत सुमिएच्या कंपनीनं हार मानली. प्रयोगशाळा बंद झाली, नागुमोंना सक्तीनं घरी बसवलं, आणि सुमिएला परवाना विभागात टाकलं. आता जिंकलेल्यांचीच यंत्रं बनवायची, तर त्यांच्या पेटंटांचा परवाना घ्यायला हवा होता.

त्यासाठीच्या वाटाघाटींत एकदा चहाच्या वेळी तिनं पलीकडच्या एका वयस्कर अधिकाऱ्याला सहज विचारलं, "तुमच्याकडे इसोगाई-सान होते ना?"

"इसोगाई? त्यांना कधीच बाजूला केलं. स्वतःचाच जुना लेख लपवून ठेवला म्हणे. गोदामात खोकी मोजायला बसवलं होतं. वर्षभर मोजली, मग राजीनामा दिला."

सुमिएनं पत्ता मिळवला. डिसेंबरात ती फुकुईतल्या साबाए गावी गेली. बाहेर ओला बर्फ पडत होता. इसोगाईंच्या सासरी चष्म्याच्या फ्रेमी घासायची लहानशी कार्यशाळा होती. दार त्यांनीच उघडलं. हात पांढऱ्या पुडीनं माखलेले.

"परवान्याचं काही असेल तर माझ्याकडे आता काही नाही," कंपनीचं नाव ऐकून ते म्हणाले.

"परवान्याचं नाही. ते वार्तापत्र... ते मी शोधलं."

त्यांनी आत बोलावून चहा दिला, बशीत योकानच्या गोड वडीचा एक तुकडा ठेवला.

"आडनावावरून तर सापडलं नसतं," ते म्हणाले.

"वाक्यावरून ओळखलं. ओरखड्याआधीचा क्षण."

"अरे देवा." त्यांनी मान खाली घातली. "वकिलानं ते काढून टाका म्हणून तीनदा सांगितलं होतं. मीच हट्टानं ठेवलं."

"तुम्ही विसरला होतात ना तो लेख? मी तसं लिहून देते. तुमच्या कंपनीला..."

"विसरलो नव्हतो." त्यांनी बाहेर नजर टाकली. "अर्ज भरायच्या दिवशी आठवला. साहेब डोक्यावर उभे होते, पलीकडचे आधी भरतील म्हणून. म्हटलं, खेड्यातलं चार पानी टिपण, कोण वाचणार? म्हणजे तुमच्या लोकांनी मला काही केलं नाही. पण बायकोला मी अजून सांगतो, की विसरलो होतो. तिचे वडील गेले ते मला लबाड समजूनच गेले. आता निदान तिला तरी..." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "ती बाजारातून येईल इतक्यात. तुम्ही निघालेलं बरं."

सुमिएनं वाकून नमस्कार केला. माफी मागायला म्हणून ती आली होती. ती मागायची राहूनच गेली. स्टेशनवर गाडीला पन्नास मिनिटं होती, आणि ती सगळी तिनं फलाटावर उभ्यानं काढली.

नव्या वर्षाला तिनं त्यांना शुभेच्छापत्र पाठवलं. उत्तर आलं ते बायकोच्या अक्षरात, नुसतं छापील मजकुराखाली तिचं नाव. पुढल्या वर्षी तेही आलं नाही. सुमिए निवृत्तीपर्यंत परवाना विभागातच राहिली. तिथं पेटंटं वाचावी लागत नसत, नुसते क्रमांक जुळवायचे असत.