मी गप्प बसते तेव्हा

डहाणूच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स आहे. इतक्या वर्षांत माझ्याकडे साड्या साठल्या नाहीत एवढे किस्से साठलेत. पण साड्या चारचौघींत दाखवता तरी येतात! किस्से सांगायचे तर नावं गाळा, गावं बदला, आणि तरी छातीत धडधडतंच.

*

आमच्या डॉक्टर मॅडमची केबिन म्हणजे एक पडदा. आत पेशंट कुजबुजतो, बाहेर बाकावर सगळे कान टवकारून! एकदा मॅडमनी एका आजींना विचारलं, "लघवीला जळजळ होते का?" आजींच्या आधी बाहेरून शेजारणीनेच उत्तर दिलं, "होते हो मॅडम, परवापासून!"

तेव्हापासून पडद्याजवळ एक घरघरणारा पंखा लावलाय. बाकावरचे थंडीत कुडकुडतात, पण पंखा बंद होत नाही.

*

तलासरीकडे एक आरोग्यसेवक मोटारसायकलवरून टीबीच्या गोळ्या द्यायला जायचा. त्याची गाडी ज्या दारात, त्या घरात टीबी, हे अख्ख्या पाड्याला माहीत! एका पेशंटने हात जोडले, "भाऊ, गाडी आमच्या दारात नका लावू." त्या भल्या माणसाने ती शेजारच्या दारात लावली.

थोड्याच दिवसांत शेजारच्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. हे ऐकल्यापासून मला कुणाच्या दारात उभं राहायचीसुद्धा भीती वाटते.

*

मी मुळात बडबडी. पण पेशंटचं नाव निघालं की तोंडाला कुलूप! मासळी बाजारात एकीने विचारलं, "सिस्टर, आमच्या शेजारची नवी सून बरी आहे ना?" मी आपली पापलेटकडे बघत राहिले.

ती हसली. "म्हणजे तुमच्याकडे आली होती तर! दिवस गेलेत ना तिला?"

संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. सुनेने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पडद्याआड बसून रडली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

*

एका तरुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट आला. मॅडम म्हणाल्या, "गोळ्या चुकवू नकोस, धडधाकट जगशील. लग्नही कर. पण मुलीला आधी सांगायचं." त्याने मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही कुणाला सांगू नका." मी शब्द दिला.

पुढे एका रविवारी कैनाडला भावाकडे माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले. मी चहा घेऊन बाहेर आले, तर समोर तोच!

मी एकेकाला कप देत गेले. त्याची आई कौतुकाने सांगत होती, "आमच्या पोराला कधी साधी सर्दी नाही हो!" तो खाली मान घालून चिकूची फोड चिवडत होता. याने कुणालाच काही सांगितलेलं नाही, हे मला कळलं. बोलले तर त्याचा घात, नाही बोलले तर पोरीचा!

भाऊ म्हणाला, "ताई, मुलगा तुमच्या डहाणूतलाच आहे. ओळखतेस का?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, मला हे लग्न नाही करायचं."

जाताना दारात चपला घालत तो मुलगा हळूच म्हणाला, "सिस्टर, तुम्ही शब्द दिला होता."

मी एक अक्षरही बोलले नव्हते!